शोधखिडकीत आपण काय काय बोलून गेलोय?

अर्धविराम (शुक्रवार, रात्री ११:५२)

परवा फोन बदलायचा होता. जुन्यातलं नव्यात आणताना वाटलं, आपल्या खात्यात नेमकं काय काय साठलंय ते एकदा उतरवून तरी घेऊ. सेटिंग्जमध्ये 'तुमचा डेटा डाउनलोड करा' असा पर्याय असतो, तो दाबला. दुसऱ्या दिवशी दुवा आला. फोटो, संपर्क वगैरे असणार हे धरूनच चालले होते. पण त्यात आणखी एक फाइल निघाली. मी आजवर शोधलेल्या सगळ्याची. आठ वर्षांची.

कंपनीचं नाव घेत नाही, कारण तक्रार करायची नाहीये. मीच कधीतरी 'मान्य आहे' दाबलं असणार. दहा मिनिटं चाळून बंद करू म्हणून बसले आणि बघता बघता दीड वाजला.

बहुतेक सगळं कंटाळवाणं आहे. शब्दांचे अर्थ, हवामान, एकच गाणं तीन वेगवेगळ्या चुकीच्या स्पेलिंगांनी. मग चार वर्षांपूर्वीचा एक आठवडा आला. बाबा आजारी होते तेव्हाचा. पहिल्या दिवशी आजाराचं नाव आणि 'उपचार किती दिवस'. दुसऱ्या दिवशी औषधाचे दुष्परिणाम. चौथ्या दिवशी 'दुसऱ्या डॉक्टरचं मत कसं घ्यावं'. सहाव्या दिवशी पहाटे ३:१४ ला 'शेवटी शेवटी माणसाला ऐकू येतं का'. मग नऊ दिवस काहीच नाही. आणि त्यानंतर 'रडू येत नाही हे नॉर्मल आहे का'.

यातलं एक अक्षर मी कुणाजवळ बोलले नव्हते. सहाव्या दिवशी मी आशा सोडली हे माझ्या सख्ख्या भावाला आजही ठाऊक नाही. तिथे मात्र मिनिटासकट नोंद आहे.

जाहिरातींचं मला फारसं काही वाटत नाही. बूट पाहिले की आठवडाभर बूट मागे लागतात, त्याची सवय झालीय. माझे प्रश्न वेगळे आहेत. हे लोक नक्की काय काय टिपतात? कशासाठी? किती दिवस ठेवतात? आणि आपल्या हातात खरोखर काय आहे? 'सर्च इंजिन बदला' असा एका ओळीचा सल्ला कृपया नको. जाणकारांनी जरा सविस्तर लिहा.

टिंबटिंब (शनिवार, सकाळी ७:०५)

बाप रे. तो ३:१४ वाचून काटा आला. वाचतेय. वाचनखूण साठवली आहे.

शंकेखोर (शनिवार, सकाळी ८:३०)

लेखन आवडलं, पण मुद्दा पटला नाही. मी काही लपवण्यासारखं करत नाही. सेवा फुकट मिळते, बदल्यात त्यांना माझी माहिती मिळते, सौदा मान्य आहे. शिवाय कोट्यवधी लोकांच्या ढिगाऱ्यात 'हा शंकेखोर रात्री काय शोधतो' हे बघत बसायला तिथे माणूस कुठे रिकामा आहे?

(हलके घ्या. धागाकर्तीच्या बाबांबद्दल वाईट वाटलं, हे मनापासून.)

दिवाभीत (शनिवार, सकाळी १०:१२)

सर्व्हरच्या बाजूला बरीच वर्षं काढली आहेत. सर्च इंजिनात नाही, साध्या वेबसाइटींच्या. त्यामुळे लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, हा प्राणी रोजच्या ओळखीचा. जमेल तसं लिहितो.

तुमचा एक शोध म्हणजे लॉगमधली एक ओळ. त्या ओळीत वेळ, आयपी पत्ता (तुमच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक), तुम्ही टाइप केलेले शब्द, ब्राउझर कुठला, भाषा कुठली आणि कुकीतला, म्हणजे वेबसाइटने तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेल्या चिठ्ठीतला, एक लांबलचक क्रमांक. कुकी १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या लू मॉन्टुलीने काढली, त्यामागचा हेतू अगदी साधा होता. वेबसाइटला मागचं काही आठवत नसे, खरेदीच्या टोपलीत काय टाकलं होतं तेही नाही. ते आठवावं म्हणून. पण क्रमांक तोच राहिला की कालची ओळ आणि आजची ओळ एका दोऱ्यात ओवता येते. लॉगिन केलेलं असेल तर दोऱ्याला तुमचं नावच बांधलेलं.

आता लोकांना सहसा माहीत नसलेला भाग. आपल्याला वाटतं, एंटर दाबल्यावर शब्द जातात. तसं नाही. टाइप करताना खाली सूचना येतात ना, त्या येतात कारण तुम्ही दाबलेलं जवळजवळ प्रत्येक अक्षर त्याच क्षणी सर्व्हरकडे रवाना होतं. 'नोकरी सोडू' एवढं लिहून तुम्ही खोडलंत, एंटर दाबलाच नाहीत, तरी 'नोकरी सोडू' पोचलेलं असतं. ते पुढे साठवायचं की नाही आणि किती काळ, हे त्या कंपनीच्या धोरणावर. पण मनात आलं आणि गिळलं, हा प्रकार त्या चौकटीत चालत नाही. वर हल्ली पत्त्याची पट्टी आणि शोधाची पट्टी एकच असते, त्यामुळे नुसता वेबसाइटचा पत्ता लिहितानाही तेच होतं. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये सूचना बंद करता येतात. मी केल्यात. दोन दिवस चुकल्यासारखं होतं, मग सवय होते.

तिसरी गोष्ट क्लिक. कुठल्या निकालावर गेलात, आणि त्याहून महत्त्वाचं, चार सेकंदांत परत आलात का? परत आलात म्हणजे तिथे उत्तर नव्हतं. ही माहिती फार मोलाची. अमेरिकेत गूगलवर मक्तेदारीचा जो खटला चालला त्यात २०२३ मध्ये साक्षी झाल्या, तेव्हा नॅवबूस्ट नावाच्या यंत्रणेबद्दल बाहेर आलं. निकालांचा क्रम लावायला ती १३ महिन्यांचे क्लिक वापरते, पूर्वी १८ महिन्यांचे वापरत असे. ५ ऑगस्ट २०२४ ला न्यायाधीश अमित मेहतांनी गूगलने बेकायदा मक्तेदारी राखली असा निकाल दिला, त्यातलं एक महत्त्वाचं कारण हेच होतं: ज्याच्याकडे लोक जास्त, त्याच्याकडे क्लिक जास्त, म्हणून त्याचे निकाल चांगले, म्हणून लोक पुन्हा त्याच्याकडेच.

त्यामुळे 'कशासाठी' या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर दोन भागांत द्यावं लागतं. एक म्हणजे यंत्र शहाणं करण्यासाठी. तुम्ही 'तुम्हाला असं म्हणायचंय का?' वर खूश होता ना, ते शिकलंय तुमच्या-आमच्यासारख्या लाखो लोकांकडून, ज्यांनी आधी चुकीचं लिहिलं आणि पाच सेकंदांत सुधारून पुन्हा लिहिलं. दुसरं, जाहिराती. त्यावर सगळेच बोलतात, मी वेळ घालवत नाही. फक्त एवढंच की शोधासोबतची जाहिरात दाखवायला तुमचा आठ वर्षांचा इतिहास लागतच नाही. 'छत्री' शोधली, छत्रीची जाहिरात दाखवली, संपलं. इतिहास लागतो तो इतर ठिकाणी तुमचा पाठलाग करायला.

घाईतला (शनिवार, सकाळी १०:४०)

मी इनकॉग्निटोत शोधतो. विषय संपला.

दिवाभीत (शनिवार, सकाळी १०:५५)

@घाईतला, नाही संपला. इनकॉग्निटो तुमच्या घरच्यांपासून लपवतं, समोरच्या सर्व्हरपासून नाही. खिडकी बंद केली की तुमच्या मशीनवरचा इतिहास आणि कुकी पुसल्या जातात, बस. आयपी पत्ता जातोच, शोधाचे शब्द जातातच, आणि त्या खिडकीत लॉगिन केलंत तर मग बोलायलाच नको. याच गैरसमजावरून २०२० मध्ये गूगलवर दावा लागला होता, २०२४ मध्ये तडजोड झाली. तडजोडीत त्या खिडक्यांतून गोळा झालेल्या अब्जावधी नोंदी नष्ट करायचं गूगलने मान्य केलं, आणि ती खिडकी उघडल्यावर दिसणारा मजकूरही बदलला. एकदा सावकाश वाचा. सगळं तिथेच लिहिलंय.

घाईतला (शनिवार, सकाळी ११:०१)

वाचलं. आठ वर्षं ती काळी खिडकी बघतोय, एकदाही वाचली नव्हती. :(

शंकेखोर (शनिवार, दुपारी १२:२०)

दिवाभीत, माहिती उत्तम. पण माझा मूळ मुद्दा तसाच राहतो. लॉगिन न करता वापरलं तर तिथे नाव नसतं, क्रमांक असतो. क्रमांकाला कुणी का घाबरावं?

जुनेपुराणे (शनिवार, दुपारी २:४५)

शंकेखोर, तुम्हाला बहुधा २००६ आठवत नसेल. मला आठवतंय, तेव्हा मी अशाच एका इंग्रजी चर्चामंडळावर पडीक असायचो आणि आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

ऑगस्ट २००६. एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीने संशोधकांच्या उपयोगासाठी म्हणून आपल्या सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांचे तीन महिन्यांचे शोध नेटवर ठेवले. साधारण दोन कोटी शोध. हेतू चांगला होता, आणि काळजीही घेतली होती: सगळ्यांची नावं काढून तिथे क्रमांक घातले होते. म्हणजे तुम्ही म्हणताय अगदी तेच.

थोड्याच दिवसांत न्यूयॉर्क टाइम्सचे दोन पत्रकार क्रमांक ४४१७७४९ च्या घरी पोचले. जॉर्जिया राज्यातली बासष्ट वर्षांची एक विधवा बाई. कसं सापडलं? तिने आपल्या छोट्या गावातले बागकाम करणारे शोधले होते. आपल्याच आडनावाची बरीच माणसं शोधली होती. गाव अधिक आडनाव अधिक वय. कुलूप काढायला एवढं पुरलं. त्याच यादीत 'बोटं बधिर होणं' होतं, एकट्या पुरुषांची चौकशी होती आणि घरभर मुतणाऱ्या कुत्र्यावरचा उपायही होता.

आपण स्वतःचं नाव शोधतो, स्वतःची गल्ली शोधतो, आपल्या मुलाच्या शाळेच्या सुट्ट्या शोधतो. क्रमांकावर नाव लिहायचं काम आपणच करून ठेवतो.

आणखी एक तपशील, जो लोक विसरतात. त्या बाईंनी शोधलेले बरेचसे आजार तिचे नव्हतेच. मैत्रिणींचे होते. त्यांची काळजी वाटायची म्हणून ही शोधून सांगायची. यादी वाचणाऱ्याला मात्र एक आजारांनी पोखरलेली बाई दिसते. लॉगमध्ये 'कुणासाठी' हा रकाना नसतो.

एओएलने फाइल लगेच काढली, माफी मागितली, त्यांच्या तंत्रज्ञानप्रमुख बाई पायउतार झाल्या. पण तोवर प्रती झाल्या होत्या, आणि नेटवर एकदा प्रत झाली की झाली.

अर्धविराम (शनिवार, दुपारी ३:३०)

'कुणासाठी हा रकाना नसतो' हे वाक्य घेऊन बसलेय. माझ्या यादीत एक महिना असा आहे की कुणी वाचलं तर मला दारूचं व्यसन आहे असंच वाटेल. ते माझं नव्हतं.

खारूताई (शनिवार, संध्याकाळी ५:१०)

मी ग्रंथालयात काम करते, त्यामुळे जरा वेगळ्या बाजूने.

कुणी काय वाचलं हे गुपित राखायचं, ही आमच्या व्यवसायातली जुनी रीत आहे. अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या १९३९ च्या आचारसंहितेत ते स्पष्ट आलंय, संगणक यायच्या कितीतरी आधी. बऱ्याच ग्रंथालयांच्या प्रणालीत पुस्तक परत आलं, बाकी काही येणं नाही, की वाचक आणि पुस्तक यांची गाठ सोडून टाकता येते. पुस्तक किती वेळा गेलं तो आकडा राहतो. कोणी नेलं ते जातं. आणि आमचं काही अडत नाही! कुठली पुस्तकं जास्त मागवायची हे त्या आकड्यावरून कळतं.

शोध हा तर वाचनाच्याही आधीचा टप्पा. अजून पुस्तकही हातात घेतलेलं नाही, नुसती शंका आलीय. ती शंका नावासकट आठ वर्षं ठेवायची काय गरज? हे मला दिवाभीत यांच्याकडून समजून घ्यायचंय. स्पेलिंग शिकायला नाव कशाला लागतं?

दिवाभीत (शनिवार, संध्याकाळी ६:०२)

खारूताई, लागत नाही. तुम्ही बरोबर नस पकडलीत.

'किती दिवस' याचा थोडा इतिहास सांगतो. सुरुवातीला गूगलने लॉगना काही मुदतच ठेवली नव्हती. ओरड झाली, तेव्हा २००७ मध्ये ठरवलं की १८ ते २४ महिन्यांनी नोंदी निनावी करू. युरोपातल्या नियामकांनी रेटा लावल्यावर २००८ मध्ये आयपी पत्त्याची मुदत ९ महिन्यांवर आणली. निनावी म्हणजे काय, तर पत्त्याचा शेवटचा भाग काढायचा. चार भागांतले तीन तसेच. यावर तज्ज्ञांनी तेव्हाही नाकं मुरडली होती.

पण ही झाली सर्व्हरच्या लॉगची गोष्ट. धागाकर्तीला सापडली ती वेगळी चीज आहे: खात्याशी जोडलेला इतिहास. त्याला मुदत तुम्ही घालायची असते. गूगलच्या बाबतीत जून २०२० पासून नव्या खात्यांना १८ महिन्यांनी आपोआप पुसण्याची सोय मुळातच चालू असते. जुन्या खात्यांचं सेटिंग मात्र त्यांनी स्वतःहून बदललं नाही, नुसती आठवण करून दिली. म्हणून ज्यांची खाती जुनी, त्यांच्याकडे अशा आठ-दहा वर्षांच्या पोथ्या निघतात.

टिंबटिंब (शनिवार, संध्याकाळी ६:३०)

एक बाळबोध प्रश्न. ज्या साइटवर मी जाते, तिला कळतं का मी काय शोधून आले?

दिवाभीत (शनिवार, संध्याकाळी ६:५०)

बाळबोध नाही. पूर्वी सरळ कळायचं. दुव्यावर क्लिक केलं की ब्राउझर पुढच्या साइटला 'मी कुठून आलो' हे सांगतो, आणि त्या पत्त्यातच तुमचे शोधशब्द असायचे. साइट चालवणारे आम्ही लोक ते रोज सकाळी वाचायचो. लोक काय काय शोधून येतात! त्यात हसू यायचं तसं कधी कधी पोटात गोळाही यायचा. ऑक्टोबर २०११ पासून गूगलने आधी लॉगिन केलेल्यांसाठी आणि मग हळूहळू सगळ्यांसाठी ते झाकलं. आता साइटला एवढंच कळतं की तुम्ही गूगलवरून आलात. शब्द गूगलकडेच राहतात. गुप्तता वाढली हे खरंच, आणि ती माहिती आता एकाच्याच तिजोरीत आहे हेही खरंच.

जाता जाता, 'कुठून आलो' सांगणाऱ्या त्या ओळीच्या (हेडरच्या) नावात, 'referer' मध्ये, एक आर गाळलेला आहे. मूळ मसुद्यात कुणाचं तरी स्पेलिंग चुकलं आणि ती चूक प्रमाणित होऊन बसली. साऱ्या जगाचे ब्राउझर आजतागायत ती इमानेइतबारे करतात.

इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीबद्दल कुणी विचारायच्या आत: साइटचा पत्ता https ने सुरू होत असेल तर त्यांना तुम्ही कुठल्या साइटवर गेलात ते सहसा दिसतं, काय शोधलं ते नाही.

घाईतला (शनिवार, रात्री ९:१५)

मग डकडकगो हे सर्च इंजिन वापरा की.

जुनेपुराणे (शनिवार, रात्री ९:४०)

वर धागाकर्तीने एका ओळीचा सल्ला नको म्हणून हात जोडलेत. :)

मी गेली सात-आठ वर्षं तेच वापरतो, म्हणून बरं आणि वाईट दोन्ही सांगतो. २००८ साली गॅब्रिएल वाइनबर्ग याने ते सुरू केलं. शोधशब्द तुमच्या ओळखीशी जोडून ठेवत नाही, जाहिरात फक्त त्या शोधापुरती. पण त्याचे निकाल बरेचसे मायक्रोसॉफ्टच्या बिंगकडून येतात. स्वतःची खीर... म्हणजे स्वतःची अनुक्रमणिका (वेबपानांची स्वतः केलेली यादी) थोडीच. २०२२ मध्ये एका सुरक्षा संशोधकाने दाखवून दिलं की त्यांचा ब्राउझर इतरांचे ट्रॅकर (साइटींवरून तुमचा माग काढणारे कोड) अडवतो, पण करारामुळे मायक्रोसॉफ्टच्या काही ट्रॅकरांना वाट देतो. शोधाच्या पानाबद्दल नव्हतं ते, ब्राउझरबद्दल होतं. बोंब झाल्यावर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी सुधारलं. माझा विश्वास तेव्हा थोडा उतरला, पण मी सोडलं नाही. दुसरीकडे जाऊन तरी काय दिवे लागणार होते.

नेदरलँड्सचं स्टार्टपेज मध्यस्थासारखं काम करतं. तुमचा प्रश्न स्वतःच्या नावाने पुढे नेतं, गूगलचे निकाल आणून देतं. ब्रिटनचं मोजीक आणि २०२१ मध्ये आलेलं ब्रेव्ह सर्च यांची अनुक्रमणिका स्वतःची. मोजीकचे निकाल, प्रामाणिकपणे सांगायचं तर, कधी कधी अगदीच भलतीकडे जातात.

मराठीत शोधलं तर यांपैकी बहुतेक ठिकाणी निराशा होते. मी मग सरळ गूगलवर जातो, लॉगिन न करता, वेगळ्या ब्राउझरमधून.

खारूताई (शनिवार, रात्री १०:०५)

स्वतःची खीर! हसून हसून पुरेवाट.

दिवाभीत (शनिवार, रात्री १०:३०)

जुनेपुराणे यांनी शेवटी सहज लिहिलेलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. वेगळा ब्राउझर, लॉगिन न करता. ज्या ब्राउझरमध्ये मेल उघडी आहे त्यातच आजार शोधायचे नाहीत. माझ्या मते 'कुठलं इंजिन' या वादापेक्षा ही एक सवय जास्त उपयोगाची. प्रश्न आणि नाव एका खोलीत राहायला नकोत.

पूर्ण निनावी होता मात्र येत नाही. कुकी पुसल्या तरी ब्राउझरचा 'ठसा' उरतो: स्क्रीनचा आकार, फॉन्ट, टाइमझोन, भाषा. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने २०१० मध्ये सुमारे पावणेपाच लाख ब्राउझर तपासले, तेव्हा ८३.६ टक्के ब्राउझरांचा ठसा त्या गठ्ठ्यात एकमेव निघाला. आणि आपल्यासाठी गंमत अशी की ब्राउझरची पहिली भाषा मराठी ठेवली असेल तर जगाच्या गर्दीत तुम्ही आणखीच उठून दिसता. मी तरी मराठीच ठेवलीय. एवढं तर एवढं.

शंकेखोर (रविवार, सकाळी ९:२०)

रात्रभर विचार केला. एओएलची गोष्ट खरंच माहीत नव्हती, क्रमांकाचा मुद्दा मागे घेतो.

पण दुसरी बाजू कुणी मांडत नाहीये. या नोंदींचा उपयोगही होतो. २०२० मध्ये अमेरिकेत डेन्व्हरमध्ये एका घराला आग लावली गेली, पाच जण गेले, त्यात लहान मुलंही. महिनोन् महिने धागादोरा नव्हता. शेवटी पोलिसांनी गूगलकडे विचारणा केली: आगीच्या आधीच्या १५ दिवसांत हा पत्ता कुणी कुणी शोधला? त्यातून आरोपी सापडले. नोंदीच नसत्या तर?

जुनेपुराणे (रविवार, सकाळी १०:४५)

रास्त मुद्दा. ते प्रकरण कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयाने तो पुरावा चालू दिला, पोलिसांनी चांगल्या हेतूने केलं म्हणून. पण पद्धत बघा. नेहमी आधी संशयित असतो, मग त्याची झडती. इथे आधी सगळ्यांची झडती, मग संशयित. तो पत्ता शोधणाऱ्यांत कुरिअरवालाही असू शकतो, जुना भाडेकरूही. या वेळी निशाणा बरोबर लागला. पुढच्या वेळी पत्त्याऐवजी एखादं औषध असेल, एखादी सभा असेल, तर? तरी तुम्हाला खोटं पाडत नाही. त्या घरातला मी असतो तर मीही म्हणालो असतो, काढा सगळ्यांचे लॉग.

शंकेखोर (रविवार, सकाळी ११:००)

अर्धा सहमत. उरलेल्या अर्ध्यावर अजून विचार चालू आहे.

घाईतला (रविवार, सकाळी ११:३०)

एक आयडिया. ब्राउझरलाच दर मिनिटाला काहीतरी भंकस शोधायला लावायचं. खरं काय, खोटं काय, शोधा म्हणावं.

दिवाभीत (रविवार, दुपारी १२:१०)

या वेळी घाईत चांगलं बोललात. २००६ मध्येच, एओएल प्रकरणाच्या सुमारास, न्यूयॉर्क विद्यापीठातल्या डॅनियल हाउ आणि हेलन निसेनबॉम यांनी 'ट्रॅकमीनॉट' काढलं होतं. हेच करायचं ते. अडचण अशी की माणूस भंकस करतो तीही एका लयीत. झोपतो, एका शोधावरून दुसऱ्यावर घसरतो, चुकतो, सुधारतो. यंत्राची बडबड सपाट असते, आणि ती वेगळी काढायला समोर आणखी मोठं यंत्र बसलेलं आहे. शिवाय पहाटे ३:१४ चा प्रश्न भंकसमध्ये लपत नाही. तो तिथे असतोच, भोवती कचरा वाढतो एवढंच.

खारूताई (रविवार, दुपारी १:००)

आमच्याकडे येणारी मुलं आता शोधतसुद्धा नाहीत, चॅटबॉटला विचारतात. शोधात तीन शब्द लिहायचो, तिथे अख्खी कैफियत लिहितात, नावागावासकट. मे २०२५ मध्ये अमेरिकेतल्या एका न्यायालयाने कॉपीराइटच्या खटल्यासाठी चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयला चॅट राखून ठेवायला सांगितलं होतं, वापरकर्त्यांनी पुसलेल्यांसह. काही महिन्यांनी तो आदेश उठला. पण 'पुसलं' म्हणजे पुसलं असं धरून चालणाऱ्यांनी ते लक्षात ठेवावं. असो, तो वेगळा धागा होईल.

टिंबटिंब (रविवार, दुपारी २:१५)

मला कुणीतरी फक्त कुठे काय दाबायचं ते सांगा ना. फोनवर सापडत नाहीये.

दिवाभीत (रविवार, दुपारी २:४०)

गूगलचं खातं असेल तर: खात्याच्या पानावर 'डेटा आणि गोपनीयता', त्यात 'वेब आणि अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी'. तिथे नोंद ठेवणं बंद करता येतं, आणि आपोआप पुसण्याची मुदत निवडता येते: ३, १८ किंवा ३६ महिने. ३ निवडा. मुदत लावली की त्याहून जुनं सगळं जातं, त्यामुळे आधी हवं असेल तर उतरवून घ्या. जे पुसाल त्यातलंही 'काहीतरी शोधलं होतं' एवढी मोघम नोंद त्यांच्याकडे राहू शकते, काय शोधलं ते जातं.

एक खोच सांगून ठेवतो. नुसता 'लोकेशन हिस्टरी' बंद करून लोक निश्चिंत व्हायचे. २०१८ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने दाखवून दिलं की ते बंद असलं तरी ठिकाणाची नोंद या दुसऱ्या स्विचखाली होतच राहते. त्यावरून २०२२ मध्ये गूगलने अमेरिकेतल्या ४० राज्यांशी ३९ कोटी १५ लाख डॉलरची तडजोड केली. म्हणून दोन्ही स्विच बघा. एकाचं नाव दुसऱ्याचं काम सांगत नाही.

अर्धविराम (रविवार, रात्री ११:२०)

सगळ्यांचे आभार. एवढी चर्चा होईल असं वाटलं नव्हतं.

काय केलं ते सांगते. सूचना बंद केल्या. वेगळा ब्राउझर घेतला, त्यात कुठेही लॉगिन नाही. मग पुसायला बसले आणि हात अडला. त्या आठवड्याच्या ओळींशी. त्या दिवसांचं माझ्याकडे दुसरं काहीच नाही. ना फोटो, ना डायरी. मी कुठल्या क्रमाने घाबरत गेले ते फक्त तिथेच होतं.

शेवटी एक वही घेतली आणि त्या आठवड्याच्या सगळ्या ओळी हाताने उतरवून काढल्या. वेळांसकट. मधले नऊ दिवस रिकामे सोडले, नऊ ओळी. मग तीन महिन्यांची मुदत लावली आणि खात्री करणारं बटण दाबलं. उतरवलेली फाइलही काढून टाकली.

वही भावाला दाखवायची का, ते ठरलेलं नाही.

शंकेखोर (रविवार, रात्री ११:४१)

मीही माझी फाइल मागवली आहे. उद्या येईल म्हणतात.

टिंबटिंब (सोमवार, सकाळी ६:५०)

सापडलं सेटिंग. माझ्यात अकरा वर्षं निघाली. अजून काही दाबलेलं नाही, आज ऑफिसला सुट्टी टाकून आधी वाचते.